अमेरिकी संगीत, सार्वजनिक दूरचित्रवाणी आणि आपण : अनुभव लिहा

केतकीवन :
जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी मंजूर झालेले १.१ अब्ज डॉलर परत घेतले आणि तेव्हापासून मला २००१ चा जानेवारी पुन्हा पुन्हा आठवतो आहे. ओहायोत येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, बाहेर गुडघाभर बर्फ होते, केबल परवडत नव्हती आणि दोन दांड्यांच्या अँटेनावर जी तीन-चार केंद्रे धूसर दिसत, त्यांत पीबीएस, म्हणजे सार्वजनिक दूरचित्रवाणी, होते. त्या महिन्यात माहितीपटकार केन बर्न्स यांची जॅझवरील दहा भागांची मालिका लागली. न्यू ऑर्लिन्सच्या काँगो स्क्वेअरमध्ये गुलामगिरीतील माणसे रविवारी जमून ढोल वाजवत आणि नाचत, हे ऐकताना या परक्या देशाच्या दुःखाशी माझी पहिली ओळख झाली. पुढे आमच्या ग्रंथालयाने त्याच मालिकेचे भाग दाखवून चर्चा ठेवली. तेथे शेजारी बसलेल्या एका वृद्ध कृष्णवर्णीय बाईंनी मला त्यांच्या चर्चमधले गाणे हळूच म्हणून दाखवले आणि निघताना "पुढच्या गुरुवारी येशील ना?" असे विचारले. या देशात माझी वाट पाहणारे कोणी आहे, असे तेव्हा पहिल्यांदा वाटले.

डोंगरवाट :
२०१९ च्या सप्टेंबरात पीबीएसवर केन बर्न्स यांचीच कंट्री संगीतावरची, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातल्या गाण्यांवरची, आठ भागांची मालिका लागली, तेव्हा आम्हाला पडद्यावर आमचेच गाव दिसले. ब्रिस्टलच्या स्टेट स्ट्रीटची एक बाजू टेनेसीत आणि दुसरी व्हर्जिनियात आहे. याच रस्त्यावरच्या एका टोप्यांच्या गोदामात १९२७ च्या उन्हाळ्यात ध्वनिमुद्रिकांचे निर्माते राल्फ पीअर यांनी कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स या पुढे गाजलेल्या कंट्री गायकांचे पहिले ध्वनिमुद्रण केले. मला मात्र जवळच्या हिल्टन्स येथील कार्टर फोल्ड या संगीताच्या ठिकाणाबद्दल लिहायचे आहे. तेथे शनिवारी रात्री मोठ्या लाकडी छपराखाली गाणे-वाजवणे होते, दारू नसते आणि माणसे बुटांच्या तळांना पत्रे ठोकून रंगमंचापुढे नाचतात. साताऱ्याहून आलेल्या वडिलांना, ज्यांनी उभा जन्म भजनात मृदंग वाजवला, मी तेथे नेले. इंग्रजीचा एक शब्दही न कळता ते तीन तास मांडीवर ठेका धरून बसले. बँजो मुळात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी घडवला, भोपळ्यावर कातडे ताणून, असे मी सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आपल्या एकतारीच्या घरातलाच की."

उन्हाची_तिरीप :
तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. आम्ही विस्कॉन्सिनमध्ये राहतो आणि आमच्या सार्वजनिक प्रसारण केंद्राच्या वर्गणीच्या मोहिमेत मी दोनदा फोनवर बसले आहे. एका आजोबांनी पाच डॉलर देताना पोल्का या नाचाच्या संगीताचा कार्यक्रम बंद करू नका, अशी तीन वेळा विनंती केली. अशा पाच-पाच डॉलरांची किंमत छोट्या गावांतल्या केंद्रांनाच कळते, कारण सरकारी पैशांवर त्यांचीच मदार अधिक होती. कुकर झाला आहे, सविस्तर रात्री लिहीन.

सांजवेळ_मडगाव :
मी अमेरिकेत कधी गेलेलो नाही, तरी लिहितो. १९३० च्या दशकात लिऑन ॲबी आणि टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे कृष्णवर्णीय अमेरिकी वादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत, आणि चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेल्या गोव्याच्या वादकांनी ते संगीत आपलेसे केले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो वाझ पुढे सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात आले. माझे आजोबाही मुंबईतल्या एका हॉटेलात ट्रम्पेट वाजवत. भावाने जॅझच्या मालिकेच्या डीव्हीडी पाठवल्या, तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते आणि फारसे बोलत नव्हते. पडद्यावर जॅझचे थोर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग दिसताच त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे चादरीवर हलू लागली, आणि भाग संपेपर्यंत ती थांबली नाहीत.

केतकीवन :
सांजवेळ, हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. आजोबांचे एखादे छायाचित्र असेल तर जपून ठेवा. डोंगरवाट, आम्ही येत्या महिन्यात तिकडून जाणार आहोत, लहान मुलांना कार्टर फोल्डला आणले तर चालेल का?

डोंगरवाट :
अवश्य आणा. लवकर पोहोचलात तर मुलांना नाचणाऱ्यांचे पाय जवळून दिसतील. रात्री डोंगरात गारवा असतो, तेव्हा स्वेटर मात्र घ्या.