जिल्बेर्तो जिल मंत्री झाला नसता तर?

बंदिशवाला:
गेले दोन आठवडे ब्राझीलचा गायक-गीतकार जिल्बेर्तो जिल ऐकतोय. साठ-सत्तरच्या दशकातला ऐकून मग नंतरचा लावला आणि खट्टू झालो. १९९७ चा 'क्वांता', त्यानंतर सगळी गाणी नवी आणि स्वतःची असा अल्बम थेट २००८ मध्ये. मधली साडेपाच वर्षं स्वारी राष्ट्राध्यक्ष लुलांच्या सरकारात सांस्कृतिक मंत्री! ज्या सत्तेने १९६८ च्या डिसेंबरात उचलून आत टाकलं, मग लंडनला हाकललं, तिच्याच खुर्चीत? गाणारा वाया गेला.

अर्धी भाकरी:
हिशोब कच्चा आहे. 'क्वांता' १९९७ चा, मंत्रिपद २००३ चं. मधल्या वर्षांत कुठली खुर्ची आडवी आली? २००२ मध्ये तर तो बॉब मार्लीची गाणी गात होता.
आणि तेव्हाची लष्करशाही नि निवडून आलेलं सरकार एकाच माळेचे मणी कसे? १९७३ मध्ये गायक-गीतकार चिको बुआर्कीसोबत त्याने 'कालिसी' लिहिलं. पोर्तुगीजमध्ये शब्दाचा अर्थ प्याला, पण ऐकायला 'गप्प बस' असंच येतं. सेन्सॉरने अडवलं, तर दोघे मंचावर शब्द गाळून चाल गुणगुणायला लागले. तेवढंही खपलं नाही, चिकोचा माईक बंद! हे सोसलेला माणूस मंत्री झाला, यात मला तर काव्यगत न्याय दिसतो.

टिंगटाँग:
जिलला एका जागी बसवू नका हो. पहिलं वाद्य अकॉर्डियन. जुलै १९६७ मध्ये साओ पावलोत इलेक्ट्रिक गिटारविरोधी मोर्चात चालला, आणि ऑक्टोबरात टीव्हीवरच्या महोत्सवात मुतांतेस या रॉक बँडच्या इलेक्ट्रिक गिटारी सोबत घेऊन दुसरा नंबर! (मोर्चातल्या सोबत्यांची तोंडं बघायला हवी होती.)

बंदिशवाला:
मार्लीचा मुद्दा मान्य. पण गिटार वाजते, फाइल वाजत नाही.

अर्धी भाकरी:
त्याच्या मंत्रालयाची 'संस्कृती केंद्रं' योजना वाचा. नव्या इमारती बांधल्या नाहीत, वस्तीत आधीच काम करणाऱ्या गटांना पैसे आणि ध्वनी-चित्रमुद्रणाचं सामान दिलं. त्यातून किती पोरं गायला लागली असतील!

बंदिशवाला:
असतील. ती यादी मला हेडफोनवर लावता येत नाही.

टिंगटाँग:
मग हे लावा: सप्टेंबर २००३, न्यूयॉर्क, संयुक्त राष्ट्रांचं सभागृह. मंत्रिमहोदय गिटारवर, तालाला साक्षात तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान.

बंदिशवाला:
बघतो. गाणं जुनंच असणार, लावता पैज?