चिबातलं जुनं घर: तातामीची खोली मोडून मोठा हॉल करावा का?

साताऱ्याची_चिबात
नमस्कार. टोकियोतल्या निशि-कासाईच्या फ्लॅटमध्ये दहा वर्षं काढल्यावर आम्ही चिबात १९८४ सालचं दुमजली लाकडी घर घेतलंय. खाली हॉल-स्वयंपाकघर, त्याला लागून सहा तातामींची (जाड गवती चटयांची) खोली, मध्ये चार फुसुमा (कागदी सरकती दारं) आणि भिंतीचा एक तुकडा. रिफॉर्मवाले (घराचं नूतनीकरण करणारे) म्हणतात, भिंत-फुसुमा काढा, तातामी उचला, सगळीकडे लाकडी फ्लोअरिंग करा. त्यांचा आराखडा पाहिला तर आमचा जुना फ्लॅटच, फक्त मोठा!

त्या खोलीने मला लळा लावलाय. सकाळी शोजीतून (पातळ कागद लावलेल्या सरकत्या झडपांतून) उजेड येतो तेव्हा मी चहा घेऊन तिथेच बसते. तोकोनोमात (शोभेच्या वस्तू मांडायच्या कोनाड्यात) देव्हारा ठेवायचाही मनात आहे. पण आई दरवर्षी तीन महिने येते आणि गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही. तातामी उंच करून ओटा (कोआगारी) करावा का?

रंधा_ओसाका
लाकडी घरांचंच काम करतो, म्हणून आधी भिंतीचं. फुसुमा खुशाल काढा, पण भिंतीच्या तुकड्याला आणि खांबाला ताइशिन शिंदान म्हणजे भूकंप-तपासणी झाल्याशिवाय हात लावू देऊ नका. जून १९८१ चे भूकंप-नियम तुमच्या घराला लागू असणार. मात्र लाकडी घरांचे नियम २००० मध्ये आणखी कडक झाले. खांबांचे सांधे कुठल्या धातूच्या पट्ट्यांनी बांधायचे आणि आधाराच्या भिंती घरभर कशा विभागायच्या, हे तेव्हा नेमकं ठरलं. त्या तुकड्यात सुजिकाई, म्हणजे तिरपी लाकडं, असतील तर घर आडवं हललं की तीच ते धरून ठेवतात. तो खांब उघडा राहिला तरी खोली छानच दिसते. फुसुमांच्या वर कोरीव रानमा (लाकडी जाळीची पट्टी) असेल तर तीही राहू द्या.

ओट्याचं म्हणाल तर बसायला सोयीची उंची ३५-४० सेंटिमीटर. पण तुमच्याकडे तोकोनोमा आहे. त्याचा तळ तातामीपेक्षा थोडासाच वर असतो, त्यामुळे ओटा केलात की तोकोनोमा खड्ड्यात जाईल आणि देव पायांच्या पातळीखाली येतील. मी तरी करणार नाही.

नागोयाची_काकू
आम्ही नऊ वर्षांपूर्वी तातामी काढली आणि मी अजून हळहळते. पूर्वी मे महिन्यात दुपारी मुलं तिथे लोळायची, इगुसाचा (तातामीच्या गवताचा) वास यायचा. आता तिथे सोफा आहे आणि त्यावर कपड्यांचा ढीग.

आईसाठी ओटा कशाला? तातामीवर चालणाऱ्या बुटक्या खुर्च्या मिळतात, खाली आडव्या पट्ट्या असलेल्या. साध्या चार पायांच्या खुर्चीने तातामीला खळगे पडतात. तातामीवर गालिचा मात्र घालू नकोस, जूनच्या त्सुयुत (पावसाळ्यात) खाली बुरशी धरते. आणि हळदीचं ताट तिथे नेऊच नकोस गं, डाग जात नाही. समई लावलीस तर शोजीच्या कागदापासून लांब.

रंधा_ओसाका
काकूंचं पटलं. एक राहिलं: जुन्या घरांत तातामी बहुधा दोन-तीन सेंटिमीटर वर असते, आणि वयस्कर माणसं तिथेच अडखळतात. हॉलचं फ्लोअरिंग बदलणारच आहात, तर तेच तातामीच्या पातळीला आणा. दारं खालून तासावी लागतील, तेवढं दरात आधीच धरायला सांगा.

साताऱ्याची_चिबात
दोघांचे मनापासून आभार. काल मोजलं, पायरी २.८ सेंटिमीटरची आहे. आई गेल्या वेळी तिथेच ठेचकाळली होती आणि मी चपलेला दोष दिला होता. तातामी ठेवतोय, वरची चटई तेवढी नवी. फुसुमा ओशिइरेत (भिंतीतल्या कपाटात) जपून ठेवणार. आई आली की लावायच्या, म्हणजे रात्री तिला स्वतःची खोली मिळेल. तपासणीसाठी पुढच्या शनिवारी माणूस येतोय. भिंतीत काय निघालं ते इथेच लिहीन.