पनीरमधला लिस्टेरिया: गॉम्पर्ट्झ आणि बारानीचे वेग जुळत नाहीत

दुग्धप्रक्रिया_क्यूसी: पनीरमध्ये 8 अंश सेल्सिअसला लिस्टेरिया मोनोसायटोजेनिसची (थंडीतही वाढणारा रोगकारक जिवाणू) चॅलेंज टेस्ट घेतली, म्हणजे जिवाणू मुद्दाम घालून वाढ मोजली. 8 नमुने, सुरुवात 2.1 लॉग (जिवाणूसंख्येचा लॉग 10), शेवट 7.9. वाढीचा वक्र बसवणारी दोन मॉडेल्स वापरली: एक्सेल सॉल्व्हरमध्ये सुधारित गॉम्पर्ट्झचा वाढीचा वेग ताशी 0.031 आला, आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये बारानीचा 0.064. गॉम्पर्ट्झचा लॅग (वाढ सुरू होण्याआधीचा काळ) तर उणे येतोय. कोणता आकडा धरू? त्यावरून 4 अंशांची शेल्फ लाइफ काढता येईल का?

वक्ररेषा: आधी एकक बघा. एक्सेलमध्ये लॉग 10 आणि आरमध्ये नैसर्गिक लॉग दिलाय असं दिसतं. 0.031 ला 2.303 ने गुणा: 0.071. म्हणजे गॉम्पर्ट्झच वरचढ निघाला, 11-12 टक्क्यांनी. हे त्याचं नेहमीचंच. त्याच्या वक्राला सरळ भाग नसतो आणि वेग वळणबिंदूवरच्या सर्वांत तीव्र उतारावरून येतो. बारानीत मधला भाग जवळजवळ सरळ राहतो, म्हणून मी 0.064 धरेन, दुप्पट व्हायला सुमारे 11 तास.

उणे लॅगसाठी दोन गोष्टी तपासा. सूत्रातला y म्हणजे N (त्या वेळची संख्या) भागिले N0 (सुरुवातीची संख्या) चा लॉग; थेट लॉग N टाकला तर वक्र शून्यापासून सुरू होतो आणि सगळं बिघडतं. दुसरं, सुरुवातीला किती नमुने घेतलेत? लॅगमध्ये एखादाच बिंदू असेल तर सॉल्व्हर काहीही उत्तर देतो. कल्चर 37 अंशांवर वाढवून थेट थंड पनीरमध्ये घातलं असेल तर लॅग कृत्रिमरीत्या लांबतो, तेव्हा सुरक्षिततेच्या हिशेबात तो शून्यच धरावा.

थंडसाखळी: एका तापमानावरून 4 अंशांवर उडी नको. रॅटकोव्स्कीच्या 1982 च्या समीकरणात वेगाचं वर्गमूळ (T − Tmin) च्या प्रमाणात असतं; T म्हणजे तापमान, Tmin म्हणजे रेषेनुसार वेग शून्य होतो ते तापमान. रेषा काढायला निदान चार-पाच तापमानं हवीत. तोवर अंदाजापुरता Tmin उणे 1 धरा: 0.064 × (5/9)² = 0.020. Tmin हा रेषा वाढवून मिळालेला आकडा आहे, वाढ थांबण्याचं खरं तापमान नव्हे.

सरासरी तापमान मात्र सूत्रात घालू नका. रोज 22 तास 4 अंश आणि 2 तास 12 अंश असतील तर सरासरी 4.67 येते, त्यावरून वाढ 4 अंशांच्या 1.28 पट. तासागणिक बेरीज केली तर 1.48 पट. डेटा लॉगरची (तापमान नोंदवणाऱ्या उपकरणाची) वाचनं तशीच घ्या.

दुग्धप्रक्रिया_क्यूसी: आरमध्ये नैसर्गिक लॉगच होता. N0 ने भागलंही नव्हतं. आता 4, 6, 10 आणि 12 अंशांवर पहिल्या दोन दिवसांत जास्त नमुने घेतो.

वक्ररेषा: 4 अंशांवर लॅग लांबेल, तिथे दोन दिवस पुरणार नाहीत. आणि प्रत्येक वेळी पीएच मोजा.