मदत हवी आहे: एफआर वायर एकटी विझते, मग जुडीची भीती का?

80 वायरी, प्रत्येकी 2.5 चौ.मिमी, एफआर (आग पसरू न देणारी) पीव्हीसी, एकाच उभ्या डक्टमधून वर न्यायच्या आहेत. सुटा तुकडा पेटवून ज्योत काढली की लगेच विझतो. मग जुडीही विझेल असं धरावं का? दुसरं, आतलं तांबं आग रोखतं की पुढे नेतं? दोन्ही वाचलंय.

जोडतार:
धरू नका. एकटी वायर चहूबाजूंनी उष्णता गमावते. जुडीत वायरी एकमेकींना तापवतात, आणि डक्ट उभा असल्याने गरम वायू वरच्या न जळलेल्या भागावरूनच जातात.

म्हणून चाचण्याही वेगळ्या आहेत. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 60332-1 चाचणीत 600 मिमीचा एकच तुकडा असतो आणि 1 किलोवॉटची ज्योत. 60332-3 मध्ये साडेतीन मीटर लांबीच्या केबली शिडीवर बांधून जाळतात. करपलेला भाग बर्नरपासून 2.5 मीटरच्या वर जाता कामा नये. वर्ग ठरतो दर मीटरला किती प्लास्टिक आहे त्यावर: डी 0.5 लिटर, सी 1.5, बी 3.5, ए 7.

तुमचं गणित: बाहेरचा व्यास 3.6 मिमी धरला तर एकूण छेद 10.2 चौ.मिमी, तांबं वजा जाता 7.7. म्हणजे मीटरला 7.7 मिली, 80 वायरींचे सुमारे 615 मिली. डी ओलांडला, सी हवा. डक्टमधल्या इतर केबलीही मोजा, त्या हमखास विसरतात.

ओहमभक्त:
तांब्याबद्दल दोन्ही खरं आहे, फक्त वेळ वेगळी. तांब्याची उष्णतावाहकता 400 च्या आसपास, पीव्हीसीची 0.2 च्या आसपास (वॉट प्रति मीटर केल्विन). सुरुवातीला तांबं उष्णता शोषतं, त्यामुळे जाड वायर उशिरा पेटते. पण बराच भाग जळू लागला की ज्योतीतलं तापलेलं तांबं पुढचं कोरं इन्सुलेशन आतून तापवतं.

ओव्हरलोड असेल तर ही तयारी आगीआधीच झालेली असते. साधं पीव्हीसी 70 अंशांसाठीच असतं, आणि तापलेलं पीव्हीसी कमी ऑक्सिजनमध्येही जळत राहतं. थंड तुकडा विझला यातून म्हणूनच फारसं कळत नाही. (आणि हा प्रयोग बंद खोलीत नकोच, हायड्रोजन क्लोराइड घशाला झोंबतो.)

पॉलिइथिलीन असेल तर खालचीही काळजी घ्या. ते वितळून जळते थेंब टाकतं, आग खाली उतरते.

धागाकर्ता:
मग नेमकं काय करू?

जोडतार:
प्रत्येक स्लॅबचं भोक फायरस्टॉपने (आग अडवणाऱ्या भरावाने) बंद करा. साधा पीयू फोम नको, तो स्वतःच जळतो. वायरींमधल्या फटींत मॅस्टिक (आग अडवणारा लगदा) दाबून भरा. नुसता बाहेरून लेप दिला तर जुडीच्या पोटातून धूर आणि ज्वाला वर जातात. नंतर वायर वाढवली की ते सील पुन्हा करायचं.

जुडी फोडा. 9 लोडेड सर्किटं एकत्र बांधली तर वायरची करंट वाहण्याची क्षमता 0.50 पट धरतात, 20 असतील तर 0.38. आधी हा हिशोब करून एमसीबी (जास्त करंट गेल्यास आपोआप बंद होणारा स्विच) तपासा.

ओहमभक्त:
एक भर: एफआर म्हणजे आग पसरू न देणारी. आगीतही सप्लाय चालू ठेवणारी वायर वेगळी येते. फायर पंपाला एफआर टाकू नका.