नशिबाने हरलेला डाव: आपला निर्णय बरोबर होता का, हे कसे तपासावे?

मांडवीकाठचा_भिडू

गेल्या आठवड्यात पणजीला मांडवीतल्या एका तरंगत्या कॅसिनोत, १००-२०० ब्लाइंडच्या (डावाच्या सुरुवातीला दोघांनी भरायच्या सक्तीच्या रकमा) टेक्सास होल्डेम पोकरच्या टेबलावर (प्रत्येकाचे दोन पत्ते, पाच सामाईक), मी हरलेल्या एका डावाविषयी जाणकारांचे मत हवे आहे. माझ्याकडे इस्पिक आणि चौकट अशा दोन अठ्ठ्या होत्या. मी रक्कम वाढवून ८०० पर्यंत रेझ केला; बटणावरच्या, म्हणजे शेवटी बोलणाऱ्या, खेळाडूने आणि मोठ्या ब्लाइंडने (२०० भरणाऱ्याने) तेवढीच रक्कम भरून कॉल केला आणि पॉट, म्हणजे मधली एकूण रक्कम, लहान ब्लाइंडचे १०० धरून २,५०० चा झाला. फ्लॉपवर, म्हणजे पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत, बदामचा राजा, बदामची अठ्ठी आणि किलवरची तिर्री आली, म्हणजे माझी तिकडी जुळली. मोठ्या ब्लाइंडने चेक केले (काही लावले नाही), मी ६०० लावले, बटणाने कॉल केला आणि मोठ्या ब्लाइंडने पत्ते टाकले. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, इस्पिकची पंजी आली. ३,७०० च्या पॉटमध्ये मी ३,००० लावल्यावर समोरच्याने उरलेल्या सर्व चिप्स लावून १४,६०० चा ऑल-इन केला. मी कॉल केला, तेव्हा त्याने बदामचा एक्का आणि दश्शी दाखवली, आणि रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पाचव्या पत्त्याला, बदामची दुर्री पडून त्याचा फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) झाला आणि माझे डावातले १६,००० गेले.

सोबतचे सर्व जण म्हणाले की मी उत्तम खेळलो, केवळ पत्ता फिरला. ते खरे असेलही. परंतु हरलेल्या माणसाचे सांत्वन आणि डावाचे परीक्षण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असे मला वाटते. असा डाव मागाहून नेमका कोणत्या निकषावर तपासावा?

संख्यामित्र

प्रथम टर्नवरचा कॉल पाहू, कारण तुमचे पैसे तिथे अडकले. अंतिम पॉट ३२,९०० चा होणार होता आणि त्यासाठी तुम्हाला आणखी ११,६०० भरायचे होते, म्हणजे ३५ टक्क्यांहून थोडी अधिक वेळा जिंकलात तरी कॉल फायद्याचा ठरतो. त्या क्षणी मांडलेल्या चार पत्त्यांवर सरळ ओळ (सलग पाच पत्ते) किंवा फ्लश कोणाचाच पूर्ण होऊ शकत नव्हता. तुमच्या तीन अठ्ठ्यांच्या वर फक्त तीन राजे होते, आणि राजांची जोडी हाती असलेला माणूस फ्लॉपपूर्वी केवळ कॉल करून क्वचितच थांबतो. त्यामुळे समोरच्याचे पत्ते पाहण्याआधीच हा कॉल निर्विवाद होता.

पत्ते उघडल्यावर न दिसलेले ४४ पत्ते उरतात. बदाम नऊ शिल्लक होते. पण त्यांतील तिर्री आणि पंजी पडली असती तर तुमचे फ्लशहून वरचे फुल हाउस (तिकडी आणि एक जोडी) झाले असते, म्हणून त्याच्या कामाचे सातच. सात भागिले चव्वेचाळीस म्हणजे सुमारे १६ टक्के. अशा दहा डावांत किमान एकदा हरण्याची शक्यता ८२ टक्के आहे, तेव्हा ही घटना दुर्मीळ मुळीच नाही.

त्याच्या ऑल-इनला वेडेपणा म्हणू नका, असेही सुचवतो. तुमची तिकडी गृहीत धरली तरी, तुम्ही ५८ टक्क्यांच्या आसपास वेळा पत्ते टाकणार असाल तर त्याची खेळी बरोबरीत सुटते. आणि तुमच्याकडे केवळ राजाची जोडी असती तर त्याला एक्क्याचाही आधार मिळाला असता.

इस्पिकचा_गुलाम

संख्यामित्रांचे गणित बिनचूक आहे, पण ते डावाच्या सोप्या भागाचे आहे. मला खटकतात ते फ्लॉपवरचे ६००. रिव्हरची दुर्री इतकी टोचते की तिच्या आधी काय झाले याकडे लक्षच जात नाही, आणि या डावात विचार करण्यासारखे जे आहे ते तिच्या आधीच घडले आहे.

२,५०० च्या पॉटमध्ये ६०० लावल्यावर बटणाला ३,१०० जिंकण्यासाठी ६०० भरायचे होते, म्हणजे त्याला १६.२ टक्के शक्यता पुरेशी होती. त्याच्या दृष्टीने न दिसलेल्या ४७ पत्त्यांत नऊ बदाम, म्हणजे पुढच्याच पत्त्यावर १९ टक्के. पुढे तुमच्याकडून आणखी किती पैसे निघतील याचा विचार न करताही त्याचा कॉल बरोबर ठरतो. १,८०० लावले असते तर त्याला साडेएकोणतीस टक्के लागले असते. खिशात भरपूर चिप्स असल्याने त्याने कदाचित तरीही कॉल केला असता, परंतु तेव्हा त्याने चढी किंमत मोजून पत्ता पाहिला असता.

मांडवीकाठचा_भिडू

आपला आक्षेप समजला, पण तो निकाल पाहून केलेला तर नाही ना? फ्लॉपवर मला समोरचे बदाम माहीत नव्हते. सत्त्यांची जोडी किंवा एक्का-तिर्री असे दुबळे पत्ते पळून जाऊ नयेत, म्हणून मी रक्कम मुद्दाम लहान ठेवली होती. त्याने सत्त्या दाखवल्या असत्या तर आपण याच ६०० ची वाहवा केली नसती का?

इस्पिकचा_गुलाम

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याने दाखवलेले पत्ते बाजूला ठेवून पाहू. बटणाकडे असू शकणाऱ्या पत्त्यांचे ढोबळ तीन गट होतात: राजा असलेले, दोन बदाम असलेले आणि तुम्ही म्हणता ते दुबळे. राजा-राणी किंवा राजा-गुलाम हाती असलेला खेळाडू १,८०० लाही कॉल करतो, तेव्हा त्याच्याकडून तुम्ही १,२०० कमी घेतले. बदामवाल्याला स्वस्तात पत्ता दिला. उरला तिसरा गट. त्याच्याकडून लहान रकमेने ६०० मिळतात हे खरे, परंतु टर्नला ३,००० लावताच तो निघून जातो. तीनपैकी एकाच गटाकडून, तोही एकदाच, थोडासा लाभ. राजा, सत्ती, दुर्री अशा तीन वेगळ्या चिन्हांच्या फ्लॉपवर, एकाच प्रतिस्पर्ध्यासमोर, मी स्वतः लहान रक्कम लावतो. दोन बदाम आणि दोन प्रतिस्पर्धी असताना लावत नाही. त्याने सत्त्या दाखवल्या असत्या तरी माझे मत हेच असते, फक्त तेव्हा तुम्ही विचारायला आला नसता.

संथ_खेळ

वरील चर्चेत एक गोष्ट राहिली आहे. कॅसिनोचा वाटा सोडून हिशेब केला, तर ऑल-इनच्या क्षणी ३२,९०० पैकी जिंकण्याच्या शक्यतेप्रमाणे तुमचा वाजवी वाटा सुमारे २७,६६६ होता, म्हणजे वहीत या डावापुढे उणे १६,००० च्या शेजारी अधिक ११,६६६ असाही आकडा लिहावा. मात्र हा दुसरा आकडा फ्लॉपवरचे ६०० माफ करत नाही. तो केवळ शेवटच्या पत्त्याचे नशीब पुसतो. हाती जोडी असताना फ्लॉपवर तिकडी जुळण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के असते, आणि ते नशीब तुमच्या बाजूने लागले होते. त्याबद्दल कोणी धागा उघडत नाही!

महिन्याच्या बेरजेवरून स्वतःला जोखू नका, हेही सांगतो. नो-लिमिट (रकमेवर मर्यादा नसलेल्या) खेळात शंभर डावांमागे प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून किती इकडेतिकडे जातो त्याचे माप, साधारण ८० ते १०० मोठे ब्लाइंड (तुमच्या टेबलावर एक म्हणजे २००) असते. टेबलावर तासाला ३० डाव धरले तर १०० तासांत ३,००० डाव होतात, आणि तेवढ्या काळात विचलन जवळजवळ ५०० मोठ्या ब्लाइंडपर्यंत, म्हणजे तुमच्या टेबलावर एक लाख रुपयांपर्यंत जाते. शंभर डावांमागे दहा ब्लाइंड कमावणारा चांगला खेळाडू धरला, तरी त्याची अपेक्षित कमाई तेवढ्या वेळात ६०,००० भरते. इतक्या अवधीत चांगला खेळाडू तोट्यात आणि सुमार खेळाडू नफ्यात दिसणे सहज शक्य आहे.

२०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाल्यापासून डावांची आयती नोंद मिळत नाही, त्यामुळे वही स्वतःलाच ठेवावी लागते. मी डाव संपताच उठून पॉटची रक्कम, लावलेली रक्कम आणि त्या वेळी समोरच्याकडे मला कोणते पत्ते वाटत होते तेवढे लिहितो, आणि निकालाचा रकाना दुसऱ्या दिवशी भरतो. मित्राला डाव सांगतानाही रिव्हर सांगत नाही. टर्नपर्यंत सांगून त्याचे मत विचारतो. तुम्ही हाच डाव इथे दुर्रीशिवाय मांडला असता, तर मला वाटते पहिल्याच उत्तरात कोणीतरी त्या ६०० बद्दल विचारले असते.