मारहाण होत असेल तिथे 'बैठक' बसवायची का? माझं मत : नाही

सिडकोवाली :
ओळखीतल्या एका घरात परत बैठक ठरतेय. (कोण, कुठलं ते लिहित नाही, कुणी विचारूही नका.) दोन्हीकडचे काका-मामा जमणार, नवरा सगळ्यांसमोर हात जोडून "परत नाही होणार" म्हणणार, चहा होणार, आणि रात्री सगळे आपापल्या घरी अन् ती त्याच्याबरोबर त्याच खोलीत. कुणाजवळ रडली, माहेरी कुणाला फोन केला, सगळं त्याला बैठकीत आयतं कळलेलं असतं. त्याचा हिशोब दार लावल्यावर होतो.
हात उचलला जात असेल तर बैठक नकोच. गुपचूप तिच्या सुरक्षेची तयारी करा, तिच्या कलाने. नांदायचं की नाही ते ती नंतर ठरवेल. सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस-५, 2019-21) लग्न झालेल्या साधारण 29 टक्के बायकांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा जबरदस्ती झाल्याचं सांगितलंय आणि त्यातल्या बहुतेकींनी आधी कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता. म्हणजे जी तोंड उघडते तिचं पाणी डोक्यावरून गेलेलं असतं.

निफाडचे आप्पा :
ताई, तुमची तळमळ कळते पण मला पटत नाही म्हणून स्पष्ट लिहितो. आमच्याकडे बैठकीने कितीतरी घरं सावरलीत, जावयाला सगळ्यांसमोर खडसावलं की वर्ष-वर्ष नीट वागतो. पोलीस केस झाली की परतीचा रस्ता बंद, नोकरी गेली तर पोटगी कुठून देणार तो? आणि घर सासऱ्याच्या नावावर, मग बाई जाणार कुठे?

सिडकोवाली :
आप्पा, केसचं म्हणाल तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मुळात तिला संरक्षण द्यायला आहे, नवऱ्याला आत टाकायला नाही. त्यासाठी एफआयआर लागत नाही. या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे घटनेचा अहवाल भरून घ्यायचा, मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, कोर्ट त्याला "हात लावायचा नाही, घरातून काढायचं नाही, खर्च द्यायचा" असा आदेश देऊ शकतं. तो मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ती तिथे नांदत असेल तर राहण्याचा हक्क मागता येतो, सुप्रीम कोर्टाने 2020 मध्येच हे स्पष्ट केलंय. आणि वर्षभर नीट वागला म्हणता, पण ते वर्ष तिने कसं काढलं हे बैठकीतल्या कुणी तिला एकटीला विचारलं का?

सातपूर_२२ :
मला दोघांचंही पटलं नाही. तयारी कसली करताय? आज मारलंय तर आज बाहेर काढा, 112 लावा, पोलिसांची गाडी येते. तुम्ही महिनाभर कागद गोळा करत बसाल आणि एक दिवस पेपरात बातमी.

नर्सताई :
सातपूर दादा, मारहाण चालू असेल, जिवावर बेतलं असेल तर 112 च, त्यात दुमत नाही. पण इतर वेळी घाईने काढलेली बाई तीन दिवसांत परत जाते, कारण अंगावरच्या साडीवर निघालेली असते, पोरगं तिकडे राहिलेलं असतं. आणि ती निघतेय हे त्याला कळलं की तिथून पुढचे दिवसच सगळ्यात धोक्याचे. म्हणून तयारी.
मी दवाखान्यात बघितलंय म्हणून आधी एकच सांगते. त्याने कधी गळा दाबला असेल तर ते "नेहमीचं भांडण" समजू नका. अशा घरात पुढे खून होण्याचा धोका खूप वाढतो. मानेवर वळ नसला तरी आतून इजा असू शकते. आवाज बसला, गिळताना दुखलं, चक्कर आली तर लगेच दवाखाना, आणि डॉक्टरला "जिन्यावरून पडले" सांगू नका, खरं सांगून एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल) नोंद करून घ्या, पुढे कोर्टात तीच कामाला येते.
मग फोन. बऱ्याच जणींचा फोन नवऱ्यानेच घेऊन दिलेला, जीमेल त्याचं, लोकेशन चालू, व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या लॅपटॉपवर जोडलेलं. पण एका दिवशी सगळं बंद केलं तर त्याला लगेच वास लागतो, म्हणून 181 ला (महिला हेल्पलाइन) किंवा वकिलाला फोन शेजारणीच्या मोबाईलवरून करायचा. लाडक्या बहिणीचे पैसे येतात त्या खात्याचा मेसेज कुणाच्या नंबरवर जातो तेही बघा. आधार, मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड यांच्या झेरॉक्स अशा बाईकडे ठेवा जिचा संशय येणार नाही. शेजारणीशी एक खुणेचा शब्द ठरवा, "मावशी, विरजण आहे का" असा मेसेज आला की तिने 112 लावायचा. भांडण पेटलं की किचनमध्ये अडकायचं नाही, बाहेरच्या दाराजवळ राहायचं. आणि थेट माहेर नको, तो पहिला तिथेच धडकतो.

गंगापूर_रोड :
नर्सताई, कागदावर छान आहे हो. पण सखी सेंटरमध्ये (अशा बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) साधारण पाच दिवस ठेवतात, मग? कायद्यात पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत म्हटलंय, प्रत्यक्षात माझ्या बहिणीच्या तारखा पडतच राहिल्या. वकिलाचा खर्च वेगळा. बाहेर पडणं म्हणजे नुसता शब्द आहे, मागे कुणी उभं नसेल तर.

नर्सताई :
तारखा पडतात, खरंय. म्हणून निकालाची वाट न बघता पहिल्याच तारखेला अंतरिम आदेश मागायला सांगा, तो त्याच्या गैरहजेरीतही मिळू शकतो. आणि वकील फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. नाशिकला सीबीएसजवळच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा किंवा त्यांच्या 15100 हेल्पलाइनला फोन लावा. पाच दिवसांनंतरची राहायची सोय मात्र निघायच्या आधी ठरलेली हवी, इथे नातेवाईकांनीच पुढे यायला लागतं. बैठकीला जेवढे जमतात त्यातल्या एकाने जरी एक खोली दिली तरी खूप झालं.

निफाडचे आप्पा :
खोलीचं पटलं. पण बैठक सरसकट वाईट हे अजून पटत नाही. समजा पोरीलाच हवी असेल तर?

सिडकोवाली :
तिला एकटीला विचारल्यावर, सासरचं कुणी जवळ नसताना, ती हवी म्हणाली तर घ्या. पण बैठक तिच्या माहेरच्या जागेत, ती आणि मुलं आधीच तिथे पोचलेली आणि त्या रात्री ती सासरी परत जाणार नाही हे आधी कबूल झालेलं. एवढ्यालाच तो तयार होत नसेल तर त्याच्या माफीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

निफाडचे आप्पा :
ही अट मी आमच्याकडे मांडतो. काहीजण चिडतील, पण मांडतो.