मॉर्फिनची गोळी 'अमली पदार्थ' कशी काय?

कृष्णाकाठ: मंडळी, एक शंका. मावशीला कॅन्सर हाय, मिरजेत ट्रीटमेंट चालू, डॉक्टरनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या तर मामा म्हणाले हे अमली पदार्थात येतंय, नाद लागला तर कोण निस्तरणार. मावशी रात्रभर तळमळत बसली पण पाकीट फोडून दिलं नाही. सांगली स्टँडवर फ्लेक्सवर 'अमली पदार्थ विरोधी' लिहिलेलं असतं, तोच शब्द ह्या गोळीला कसा ओ? कायद्यात दुसरं काय म्हणतात?

कोर्टरोड: कायद्याचं मराठी नावच बघा, 'गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, 1985'. एवढं लांबलचक कोण बोलणार, कोर्टात सगळे एनडीपीएसच म्हणतात. पण त्यात 'औषधिद्रव्ये' हाय, ते 'अमली'त पार गायब झालं. 2014 च्या दुरुस्तीत तर मॉर्फिनसारख्या औषधांचा 'अत्यावश्यक' म्हणून वेगळा गट केला, कारण लायसन्सच्या कटकटीपायी हॉस्पिटलं ती ठेवायचीच नाहीत.

सातारी_कंदी: अंमल म्हणजे सत्ता, मूळ अरबी. पोलीस अंमलदार पण त्यातलाच 😄 डोक्यावर अंमल गाजवतो तो अमली. मग भांग?

कोर्टरोड: भांग त्या कायद्यात न्हाई. गांजा म्हणजे त्याच झाडाचा फुलोरा, चरस म्हणजे राळ, भांग ज्याची करतात ती नुसती पानं आणि बिया व्याख्येबाहेर. म्हणून लगेच घोटायला बसू नका, महाराष्ट्रात तिला दारूबंदीचा कायदा हाय.

वाळवेकर: मला 'गर्दुल्ला' जास्त खटकतो. गर्द ओढणारा तो गर्दुल्ला, ठीक, पण आता कुठल्याही नशेवाल्याला तेच चिकटवतात. कलम 64अ नुसार थोडक्या मालात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला तर त्याच्यावर खटला चालवत न्हाईत. आता गल्लीत गर्दुल्ला म्हणून नाव पडलेलं पोरगं त्या केंद्राची पायरी चढंल का? आजारी माणसाचा हक्क हाय तो, आणि आपण शिवीनंच त्याचं दार लावून घेतो. मी 'व्यसनात अडकलेला' लिहितो, लांब झालं तर झालं.

सातारी_कंदी: फ्लेक्सवर बसायचं न्हाई ओ ते.

वाळवेकर: मग फ्लेक्स मोठा करा की.

कोर्टरोड: आणि मूळ मुद्दा राहतोय. युनोचा 1961 चा करार, ज्याच्या नावानं जगभर धरपकड चालते, त्याच्या प्रस्तावनेतच लिहिलंय की वेदना कमी करायला ही औषधं लागणारच आणि ती मिळतील अशी सोय पाहिजे. आपल्याकडं धरपकड तेवढी पोचली, सोय वाटेतच राहिली. मामांना 'अमली' न्हाई, 'वेदनाशामक' म्हणून सांगा.

कृष्णाकाठ: सांगतो. नाद लागंल त्याचं काय पण?

मिरज_मेडिकल: डॉक्टरनी सांगितलेल्या डोसात, ठरल्या वेळेला दिली तर कॅन्सरच्या दुखण्यात त्याची भीती फार कमी. आणि नाद बाजूला ठेवा, खरा त्रास पोट साफ न होण्याचा होतो, त्याचं औषध बरोबरच लिहून घ्या. अंदाजानं कमीजास्त मात्र करू नका.